मेक्सिकन पानादेरियात पहिल्यांदा जाताना

ह्यूस्टन, डॅलस, सॅन होजे, लॉस एंजेलिस, शिकागो. अमेरिकेत मराठी माणसं जिथे जिथे स्थिरावली, त्यातल्या बऱ्याच शहरांत मेक्सिकन वस्ती त्यांच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि वस्ती आहे तिथे 'पानादेरिया', म्हणजे मेक्सिकन बेकरी, आहेच. तरीही आपल्यातले बरेच जण बाहेरून नुसता वास घेऊन पुढे जातात. आत काचेच्या कपाटांत पन्नासेक प्रकार मांडलेले असतात, निम्म्यांवर नावं नसतात, काउंटरवर स्पॅनिश चालू असतं आणि कशात काय घातलंय ते कळत नाही. यातलं काहीच अवघड नाही. फक्त तिथली पद्धत एकदा समजून घ्यायला हवी.

कधी जायचं

सगळं गणित वेळेचं आहे. गोड पावांचा (यांना सरसकट 'पान दुल्से' म्हणतात) मोठा घाणा पहाटे निघतो आणि बऱ्याच पानादेरिया सकाळी पाच-सहाला उघडतात. सात ते नऊ या वेळात निवड सगळ्यात चांगली मिळते. मेक्सिकोत संध्याकाळी कॉफी किंवा चॉकलेटसोबत गोड पाव खायची पद्धत आहे, त्यामुळे चालत्या दुकानांत दुपारी चारच्या सुमारास पुन्हा भट्टी लागते. रोजचा साधा पाव, बोलियो, दिवसातून अनेकदा निघतो. दुपारी एक ते तीन ही सगळ्यात वाईट वेळ: सकाळचा माल सुकलेला असतो आणि संध्याकाळचा आलेला नसतो. रविवारी सकाळी चर्चहून परतणाऱ्या कुटुंबांची रांग असते. माल एकदम ताजा असतो, पण पहिल्याच खेपेला गोंधळायला होईल. पहिली फेरी आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी मारा.

खिशात दहा-वीस डॉलर रोख ठेवा. लहान दुकानांत ठरावीक रकमेखाली कार्ड घेत नाहीत. गोड पावाचा नग बहुतेक ठिकाणी एक-दोन डॉलरच्या आसपास पडतो, बोलियो त्याहून स्वस्त.

आत गेल्यावर

दाराजवळ गोल किंवा चौकोनी धातूच्या ट्रेंची चळत आणि शेजारी चिमटे टांगलेले दिसतील. ट्रे म्हणजे 'चारोला', चिमटा म्हणजे 'पिन्सास'. शिरताना दुपारी बारापर्यंत 'बुएनोस दियास', नंतर 'बुएनास तार्देस' म्हणा. हे न म्हणता थेट ट्रे उचलला तर कोणी काही बोलणार नाही, पण म्हटलंत की पुढच्या सगळ्या चौकशा सोप्या होतात.

एक ट्रे आणि एक चिमटा घ्या. शेजारी मेणकागद ठेवले असतील तर एक ट्रेवर अंथरा. आता लगेच काही उचलू नका. एक चक्कर रिकामी मारा. सगळ्यात आकर्षक माल दाराजवळ असतो, आणि नवखा माणूस तिथेच ट्रे भरून बसतो. नुकता भट्टीतून आलेला माल मात्र पुष्कळदा मागच्या चाकांच्या रॅकवर निवत असतो. तो ओळखता आला नाही तर सरळ विचारा: 'के आकाबा दे सालिर?' म्हणजे आत्ताच काय निघालंय? पानादेरियात एकच वाक्य पाठ करायचं असेल तर हे करा. 'हे आजचंच आहे ना?' असं मात्र विचारू नका. त्यात संशय डोकावतो, आणि आपल्याकडच्या भाजीवालीला तो जितका आवडतो तितकाच इथेही आवडतो.

चिमट्याची पकड हा नवख्यांचा हमखास चुकणारा भाग. वरून दाबून उचललं की कोंचावरचा (हा शिंपल्यासारख्या रेघांचा गोल गोड पाव) साखरेचा थर तडकतो आणि पापुद्र्याच्या पावाचा चुरा होतो. चिमट्याचं खालचं पातं पावाखाली सरकवा, वरचं नुसतं टेकवा, आणि बाजूने तोलून उचला. पाव ट्रेवर एकाच थरात ठेवा, एकावर एक रचू नका. पिठीसाखर भुरभुरवलेले एका कडेला, जॅम किंवा क्रीमवाले दुसऱ्या कडेला. चिमट्याने उचललेला नग परत ठेवायचा नाही आणि हाताने दाबून बघायचं तर अजिबातच नाही. कपाटाचं दार लगेच लावा. उघडं राहिलं की सगळ्यांचाच पाव सुकतो.

काउंटरवर ट्रे दिला की नग मोजून पिशवीत भरतात. इथे दोन गोष्टी मागून घ्या. बोलियो वेगळ्या कागदी पिशवीत, आणि सहाच्या वर कोंचा असतील तर पिशवीऐवजी खोका: 'उना काखा, पोर फावोर'. पिशवीत कोंचा एकमेकींवर घासल्या की घरी पोचेपर्यंत अर्धी साखर तळाशी उतरलेली असते. काही दुकानांत कर्मचारीच माल काढून देतात. तिथे बोट दाखवून 'दोस दे एसास' (त्यातले दोन) एवढं पुरतं. आत काय भरलंय ते विचारायला 'दे के एस?'

शाकाहारी असाल तर

यावर जरा थांबावं लागेल, कारण फसगत इथेच होते. मेक्सिकन पावात पारंपरिक स्निग्ध पदार्थ म्हणजे 'मान्तेका', डुकराची चरबी. आज अनेक बेकऱ्या वनस्पती तूप वापरतात, त्याला 'मान्तेका वेखेताल' म्हणतात. नुसतं 'मान्तेका' असं उत्तर आलं तर ते चरबीच समजा आणि पुढचा प्रश्न विचारा: 'दे सेर्दो ओ वेखेताल?' डुकराची की वनस्पती?

मांस नको म्हणून 'सिन कार्ने' सांगून भागत नाही. समोरच्याच्या मते चरबी म्हणजे मांस नव्हे, आणि तो खरंच सांगत असतो. नेमका शब्द वापरूनच विचारावं लागतं: 'येवा मान्तेका दे सेर्दो?' यात चरबी आहे का?

अंड्याचं काय? कोंचा, मान्तेकादा (कागदी वाटीतला मफिनसारखा केक), केक यांत अंडं असतंच असं धरून चाला. बोलियो आणि तेलेरा (त्याच्यासारखाच चपटा पाव) यांच्या कणकेत ते सहसा नसतं: मैदा, पाणी, यीस्ट, मीठ, चिमूटभर साखर आणि थोडा स्निग्ध पदार्थ. ओरेखासारख्या पापुद्र्याच्या प्रकारांतही बहुधा नसतं, पण चकाकीसाठी वरून अंड्याचा हात फिरवलेला असू शकतो. 'आय आल्गो सिन वेवो?' म्हणजे अंड्याशिवाय काही आहे का? तेच चिमटे आणि तीच भट्टीची ताटं सगळ्याला वापरतात, तेव्हा कडक पाळणाऱ्यांनी ते गृहीत धरावं. दुकानात बंद पाकिटातला माल असेल तर घटकांची यादी वाचा. सुट्या मालावर ती सहसा नसते.

काउंटरवर गरम तामाले, म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून पानात वाफवलेले उंडे, दिसतील. मिरची-चीजचं सारण असलेले 'राखास' बघून आनंदू नका. बाहेरच्या मक्याच्या पिठात बहुतेकदा चरबी मळलेली असते. तोच प्रश्न तिथेही विचारा.

पहिल्या खेपेला काय घ्यायचं

दोन माणसांसाठी चार गोड नग आणि चार बोलियो पुरेत. डोळे जास्त मागतात, पण हा एका दिवसाचा माल आहे.

पहिली कोंचा. शिंपल्यासारख्या रेघा असलेला गोल फुगीर पाव, हीच पानादेरियाची परीक्षा. खालचा पाव दूध-अंडी-लोण्याच्या मऊ कणकेचा. वरचा थर म्हणजे मैदा, पिठीसाखर आणि स्निग्ध पदार्थ जवळपास समान वजनात मळलेला गोळा. बेकर तो तळहातावर थापून चकती करतो, पावाच्या गोळ्यावर ठेवतो आणि साच्याने किंवा सुरीने रेघा पाडतो. भट्टीत जाण्याआधी आणि भट्टीत खालची कणीक फुगते, वरचा थर ताणला जात नाही, म्हणून तो रेघांवर फाटतो आणि मधून पाव दिसू लागतो. चांगल्या कोंचाच्या रेघांमधल्या फटी साधारण सारख्या असतात, थर कोरडा दिसतो पण निखळत नाही. थर एका बाजूला घसरलेला किंवा तेलकट चकचकीत असेल तर सोडा. पावाच्या कडेला सुरकुत्या दिसल्या तर तो शिळा.

रंगाला भुलू नका. पांढरी, पिवळी आणि गुलाबी यांची चव बहुतेक दुकानांत एकच, व्हॅनिलाची. तपकिरीत मात्र कोको असतो. आमचं मत विचाराल तर आधी पांढरी घ्या. तिच्यात लपवायला काही नसतं, आणि पाव चांगला आहे की नाही ते एका घासात कळतं. खाताना सुरी नको. तुकडा तोडा, गरम कॉफीत किंवा चॉकलेटमध्ये दोन सेकंद बुडवा. जास्त बुडवलीत तर थर कपात राहील आणि पाव हातात.

दुसरा पुएर्कितो, काही ठिकाणी मारानितो म्हणतात. डुकराच्या आकाराचा, दालचिनी आणि पिलोन्सियोचा (मेक्सिकन गुळाची ढेप) तपकिरी, मऊ, थोडा दाट पाव. डुक्कर फक्त आकारात आहे, पण चरबीचा प्रश्न इथेही विचारायचाच. हवाबंद डब्यात तीन-चार दिवस उत्तम राहतो. प्रवासाला न्यायचा असेल तर यासारखा दुसरा नाही.

तिसरा पोल्वोरोन: भुसभुशीत, तोंडात विरघळणारा, नानकटाईच्या घरातला. पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी माणसाला हमखास आवडणारा हाच. चौथी एम्पानादा, अर्धगोल करंजीच्या घाटाची, आत भोपळा, अननस, रताळं किंवा सफरचंद. भोपळ्याची ('कालाबासा') मिळाली तर तीच घ्या. आतलं सारण पिलोन्सियो आणि दालचिनीत आटवलेलं असतं. अननसाची पुष्कळदा नुसत्या जॅमची असते.

पुढच्या खेपांना ओरेखा, चकाकत्या साखरेच्या थराची कुरकुरीत कांपेचाना, लाल कागदी वाटीतला मान्तेकादा. पापुद्र्याचे प्रकार दमट दिवशी घेऊ नका, घरी येईपर्यंत मऊ पडतात.

बोलियो: गोड नसलेला, पण खरा नायक

दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये एक चीर, पातळ कडक कवच आणि आत पांढरा हलका गर. तेलेरा त्याचाच चपटा भाऊ. वर दोन खाचा, कवच मऊ, भरून खायच्या 'तोर्ता'साठी जास्त सोयीचा. मेक्सिकोत एखाद्याला भूकंपाचा वगैरे धसका बसला की 'एक बोलियो खा' म्हणतात. थट्टेत म्हणतात आणि खरोखर देतातही.

बोलियोचं कवच काही तासच कुरकुरीत राहतं. गरम बोलियो प्लास्टिकच्या पिशवीत घातला की वाफ कोंडते आणि कवच चामड्यासारखं चिवट होतं, म्हणून तर कागदी पिशवी. दुसऱ्या दिवशी वरून पाण्याचा हबका मारून १८० अंश सेल्सिअसला पाच-सहा मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा, कवच परत येतं. हे एकदाच जमतं. दुसऱ्यांदा केलंत तर टोस्ट होतो.

उरलेल्या बोलियोचे मोयेतेस करा, दोघांचा नाश्ता होतो:

२ बोलियो उभे चिरून चार अर्धे करा. आतला थोडा गर काढा, म्हणजे खळगा होईल. लोणी लावून २०० अंशांना चार मिनिटं भाजा. प्रत्येकावर २ मोठे चमचे शिजवून घोटलेली काळी किंवा पिंटो घेवडी ('फ्रिखोलेस') पसरा, वर सुमारे ३० ग्रॅम वितळणारं चीज किसून घाला आणि पुन्हा पाच-सहा मिनिटं ठेवा. बाहेर काढल्यावर वरून कच्ची कोशिंबीर: २ टोमॅटो, अर्धा कांदा, १ हिरवी मिरची, कोथिंबीर, अर्ध्या लिंबाचा रस, मीठ. टोमॅटोच्या बिया आणि पाणी आधी काढून टाका, आणि कोशिंबीर भाजण्यापूर्वी घालू नका. नाहीतर तळ भिजून पाव हातातच मोडतो. पहिली चार मिनिटं नुसता पाव भाजायचा तोही यासाठीच. घेवडी डब्यातली घेत असाल तर डब्याची मागची बाजू वाचा; 'पारंपरिक' लिहिलेल्या डब्यांत बहुधा चरबी असते, 'शाकाहारी' लिहिलेले वेगळे मिळतात.

सोबत काय प्यायचं

दुकानात मिळालं तर 'चाम्पुरादो' घ्या, मक्याचं पीठ घालून दाट केलेलं गरम चॉकलेट. हिवाळ्यात आणि शनिवार-रविवारी मिळण्याची शक्यता जास्त. घरी 'काफे दे ओया' सहज जमते. १ लिटर पाण्यात दालचिनीचा एक बोटभर तुकडा आणि ८० ते १०० ग्रॅम पिलोन्सियो घालून आठ-दहा मिनिटं उकळा. गॅस बंद करा, मग ५ मोठे चमचे जाडसर दळलेली कॉफी घाला, झाकून पाच मिनिटं ठेवा आणि गाळा. कॉफी घातल्यावर उकळलीत तर कडू होते.

पिलोन्सियोऐवजी आपला गूळ चालतो, चव फार दूर जात नाही. दालचिनीत मात्र फरक पडतो. मेक्सिकन 'कानेला' पातळ सालीची, बोटाने चुरडणारी सिलोनी दालचिनी असते. भारतीय दुकानात बहुतेकदा जाड सालीची तिखट कॅसिया मिळते. ती वापरायची तर निम्मीच घाला.

साठवण

कोंचा फ्रिजमध्ये ठेवू नका. फ्रिजच्या थंडाव्यात पावातलं स्टार्च लवकर घट्ट होतं आणि बाहेर ठेवलेल्या पावापेक्षा तो आधी शिळा लागतो. त्याच दिवशी संपणार नसेल तर प्रत्येक नग वेगळा गुंडाळून लगेच फ्रीझरमध्ये टाका, महिनाभर चालतो. खायच्या आधी तास-दीड तास बाहेर ठेवा. मायक्रोवेव्ह फक्त दहा-बारा सेकंद. तीस सेकंद केलंत तर पाव रबरासारखा होईल आणि वरचा थर वितळून ओघळेल. क्रीम किंवा साय भरलेल्या प्रकारांना हा नियम नाही. ते फ्रिजमध्येच, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपवायचे.

सणाचे पाव आणि केक

ऑक्टोबरमध्ये 'पान दे मुएर्तो' येतो. मृतांच्या दिवसासाठीचा, २ नोव्हेंबरला संपणारा. गोल पावावर हाडांच्या आकाराच्या पट्ट्या, वर साखर, आत संत्र्याची साल आणि बऱ्याचदा संत्र्याच्या फुलांचं पाणी. शेवटच्या दोन दिवसांत झुंबड असते, म्हणून ऑक्टोबरच्या मध्यातच घ्या; तेव्हा घाईने केलेला माल नसतो.

६ जानेवारीला 'रोस्का दे रेयेस', सुकवलेल्या फळांच्या पट्ट्या लावलेलं मोठं लंबगोल कडं. आत प्लास्टिकची छोटी बाहुली दडवलेली असते. ज्याच्या तुकड्यात ती येईल त्याने २ फेब्रुवारीला सगळ्यांना तामाले खिलवायचे. लहान मुलं असतील तर त्यांचे तुकडे आधी तपासून द्या. आगाऊ मागणी चार दिवस तरी आधी नोंदवा, किती माणसं ते सांगा आणि पावती जपून ठेवा. सहा तारखेच्या सकाळी पावतीवाल्यांची रांग वेगळी असते आणि तीच हलते.

वाढदिवसाला 'त्रेस लेचेस' केक मागवायचा असेल तर दोन दिवस आधी सांगा. स्पंज केक कंडेन्स्ड दूध, बाष्पीभवन केलेलं दूध आणि साय यांच्या मिश्रणात मुरवलेला असतो. अंडं असतंच, आणि वरच्या सजावटीत जिलेटिन आहे का तेही विचारून घ्या. हा केक नेताना कधीही सीटवर ठेवू नका. सीट मागे कललेली असते, दूध एका बाजूला जमतं आणि खोक्याच्या कोपऱ्यातून गळतं. गाडीच्या डिकीत सपाट जागी, खाली जुना टॉवेल अंथरून ठेवा. घरी पोचल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि कापायच्या दहा मिनिटं आधीच बाहेर काढा. तळाशी साचलेलं दूध फेकू नका, कापलेल्या तुकड्यावर चमच्याने घालून वाढा.